उंदराला न कुरतडता येणारी नळी

बसवकल्याणला आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले, तेव्हा कलबुर्गीला माझं एम.एस्सी. नुकतंच सुरू झालं होतं. लग्न ठरलं की ते सुटणार, या भीतीनं माझा जीव टांगणीला लागला होता. त्यात आईची ताकीद : शिक्षणाचा विषय काढायचा नाही, पोहे द्यायचे आणि खाली बघायचं.

मुलगा अफजलपूरचा, तोही खालीच बघत होता. बोलत होते ते त्याचे वडील, भीमाकाठचे ऊसवाले अप्पा. त्यांनीच विचारलं, "पोरी, काय शिकायलीस?"

प्लास्टिकच्या जातीचे पदार्थ कसे बनवतात ते, असं सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ एकदा सुटली की माझंही ऐकत नाही. म्हटलं, माझ्या डोक्यात एक पदार्थ आहे. रबरासारखा वाकेल, उन्हात तडकणार नाही, कुणाच्या दातालाही दाद देणार नाही.

"उंदराच्या बी?" अप्पांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. त्यांच्या ठिबकच्या नळ्या दर उन्हाळ्यात उंदीर कुरतडत आणि ते सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून दमले होते.

उंदराच्याही, म्हटलं. मग त्याचं काय काय करता येईल, यावर मी आणि अप्पा सुटलोच. चपला झाल्या, मोटरचा पट्टा झाला, बसच्या सीटा झाल्या. अप्पांच्या मंडळींनी हळूच बांगड्यांचं सुचवलं. आई दाराआडून डोळे वटारत होती. मुलगा मात्र मान वर करून हसत होता आणि तो मला आवडलाच.

"चार एकराला किती लागंल?" अप्पांनी विचारलं.

तो पदार्थ अजून जगात नाही, हे सांगावंच लागलं. बाबांनी कपाळाला हात लावला. मग कधी होणार, असं अप्पांनी विचारल्यावर मी धीर करून म्हटलं, शिकले तर होईल, निदान दोन वर्षं तरी लागतील.

अप्पा बाबांकडं वळले. "पावणं, पोरगी पसंत हाय. पण आदी शिकू द्या, मग अक्षता."

दोन वर्षांनी पदवी मिळाली, अक्षता पडल्या, नळी काही झाली नाही. अजूनही उन्हाळ्यात अप्पा बांधावर पट्ट्या गुंडाळत बसतात आणि मला विचारतात, कुठवर आलं? व्हायलंय अप्पा, म्हणते मी. घरातले सगळे उंदरांना शिव्या घालतात. माझ्या तोंडून एकही निघत नाही.