पहिली मूठ

मुलीच्या शाळेत पालकसभा असली की काय ऐकायला मिळणार ते मला आधीच ठाऊक असतं. "पेपर छान लिहिते, पण वर्गात तोंड उघडत नाही." सर बदलले, मॅडम बदलल्या, वाक्य तेच राहिलं. मी मान डोलावते, "घरी तर डोकं खाते हो" असं हसत म्हणते आणि पर्स उचलून निघते. मी स्वतः इतकी वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवते. लाजाळू पोरांना बोलतं करण्यात माझा हातखंडा आहे असं शाळेतले लोक म्हणतात. माझ्याच पोरीचं तोंड कुणी बंद केलं, हे मात्र आजवर कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला खरं सांगावं लागलं असतं.

ती पाच वर्षांची होती तेव्हा आम्ही धामणगाव बढेला भाड्यानं राहत होतो. ह्यांची नोकरी मोताळ्याला, माझी शाळा गावातच, पण सुटायची पाचला. मुलगी अंगणवाडीतून बारालाच घरी. समोरच्या घरात एक बाई एकट्या राहायच्या. मुलगा मलकापूरला, त्याचं तिकडेच बस्तान बसलेलं, आणि लेक नव्हती. दिवसभर त्यांची शिलाई मशीन चालायची. ब्लाउज शिवायच्या, साड्यांना फॉल लावायच्या. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची, तसं मीही म्हणू लागले. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, पोरगी बाराले येते अन् तुम्ही पाचले. तवरोक माह्याकडं राहू द्या तिले. मले तरी कोन हाये बोलाले?"

बोलायला म्हणून त्यांनी मागून घेतली, आणि पोरगी ही अशी. घरात टकळी बंद नाही, पण उंबरठ्याबाहेर पाय पडला की तोंडाला कुलूप. अंगणवाडीच्या ताईंनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "हिला ऐकू येतं ना नीट?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिवरा आश्रमला चुलत बहिणीच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, "शिक्षिकेची मुलगी आहे, एखादी कविता म्हणून दाखव." ती माझ्या पदरात शिरली ती जेवणाची पंगत उठेपर्यंत बाहेर आली नाही. परतताना मी सगळा रस्ता तिला बोलले. "माझी लाज काढतेस" असंही म्हणाले, पाच वर्षांच्या पोरीला.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर भुलाबाई, म्हणजे मातीचे पार्वती-शंकर, मांडतात. संध्याकाळी गल्लीतल्या मुली घरोघर जातात, भुलाबाईपुढे गाणी म्हणतात, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. घरच्या बाईनं झाकण लावलेला डबा आणायचा, मुलींनी तो हलवून बघायचा, झाकणाला नाक लावायचं, गोड की तिखट विचारायचं. जी ओळखेल तिला पहिली मूठ, मग बाकीच्यांना वाटणी. लहानपणी मी ह्यात पट्टीची होते. चिवड्यात ओवा पडलाय की जिरं, इथपर्यंत सांगायची. माझी मुलगी मात्र त्या घोळक्यात मागे उभी राहायची आणि डबा तिच्यापर्यंत आला की पुढच्या मुलीकडे सरकवायची.

त्या वर्षी मावशी म्हणाल्या, "माह्या घरी लेक नाही, तुमच्या घरी टाइम नाही. आपन दोघी मिळून पोरीची भुलाबाई मांडू." मांडली त्यांनीच. कुंभाराकडून भुलाबाई-भुलोजी आणले, ब्लाउजांच्या उरलेल्या जरीच्या काठांची त्यांना वस्त्रं शिवली, आणि तशाच काठाचा परकर माझ्या मुलीलाही. पहिले तीन-चार दिवस नेहमीसारखेच गेले. पाचव्या दिवशी मावशींच्या घरी डबा तिच्या हातात आला. तिनं तो हलवला, हुंगला आणि म्हणाली, "फुटाणे."

मोठ्यानं म्हणाली. मुली वळून बघायला लागल्या. मावशींनी झाकण उघडलं तर फुटाणेच, आणि पहिली मूठ तिच्या ओंजळीत पडली. मी रात्रीचा स्वयंपाक सोडून आईला फोन लावला. दुसऱ्या दिवशी गूळ-शेंगदाणे, तिसऱ्या दिवशी मुरमुऱ्याचे लाडू. माझंच नाक हिनं घेतलं, असं मी शाळेत चार जणींना सांगितलं. पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्यांच्या घरीही बोलायला लागली. कोपऱ्यावरच्या घरी "पापडी" म्हणाली आणि डब्यातून शेव निघाली. मुली खो खो हसल्या, आणि तीही त्यांच्याबरोबर हसली. मला तेव्हा ती चुकली ह्याचंच वाईट वाटलं. चारचौघांत चुकून हसता येणं हीच त्या महिन्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती, हे मला कळायला अजून बरीच वर्षं जायची होती.

कोजागरीला दोन दिवस उरले होते. शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच घरी आले आणि मुलीला घ्यायला समोर गेले. मशीन बंद होती. मावशी जमिनीवर बसून तिच्या कानाशी वाकल्या होत्या. "आज शंकरपाळे हायेत. पन एकदम नोको सांगू. आधी डबा हालवजो, मंग वास घेजो, वर पाह्यजो जरासक, मंग सांगजो." मुलगी तोंडावर हात दाबून हसत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून गेले की मुलं मला टरकून असायची. खिडकीतून चिठ्ठ्या टाकणाऱ्या बापांशी मी भांडलेली बाई. आणि माझ्याच घरासमोर, माझ्याच पोरीला कॉपी पुरवली जात होती. बरं, तेव्हाच आत जाऊन दोन शब्द बोलले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. मी आवाज न करता परत फिरले आणि संध्याकाळची वाट बघत बसले. रागाच्या भरात झालं असं मला म्हणता येत नाही, कारण मधे चार तास गेले होते.

संध्याकाळी दहा-बारा मुली होत्या, दोघी-तिघींच्या आयाही आल्या होत्या. गाणी झाली, डबा आला. माझ्या मुलीनं तो हलवला, वास घेतला, छताकडे बघितलं आणि ओरडली, "शंकरपाळे!" मुलींनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी झाकणाला हात घातला तशी मी म्हणाले, "थांबा. हिला आधीच माहीत होतं. हिला सांगितलंय कुणीतरी. लबाडीची मूठ आपल्याला नको."

एवढ्यावरही थांबले नाही. घरी गेले, राजगिऱ्याच्या वड्या घेतल्या, वाजू नयेत म्हणून कागदात गुंडाळल्या, वास येऊ नये म्हणून वर आणखी एक कागद लावला आणि डबा तिच्यापुढे धरला. "आता ओळख. खरंखुरं." तिनं हलवला. काहीच वाजलं नाही. तिनं मावशींकडे बघितलं. "मावशीकडे नाही, डब्याकडे बघ," मी म्हणाले. कुणीतरी फिदकन हसलं. मुलीनं डबा दोन्ही हातांनी जमिनीवर ठेवला, अगदी हळू, आणि मावशींच्या मागे जाऊन बसली. ती रडलीसुद्धा नाही. रडली असती तर कदाचित मी भानावर आले असते.

सगळ्या गेल्यावर मावशी म्हणाल्या, "मॅडम, खेळ होता हो तो. बोलता येते तिले, फक्त चुकाची डर वाटते. पंधरा-वीस दिवस कानात सांगतलं, तं आता दुसऱ्याच्या घरी सोताच्या मनानं बोलाले लागली ना. आजचं शेवटचंच होतं."

आणि मी म्हणाले, "मावशी, तुम्ही तिला खोटं शिकवलंत. मी शिक्षिका आहे. मुलांना काय शिकवायचं ते मला कळतं."

"हाव मॅडम," एवढंच त्या म्हणाल्या आणि सतरंजी गोळा करायला लागल्या.

कोजागरीला मुलगी कुणाकडेच गेली नाही. पोट दुखतंय म्हणाली. त्यानंतर ती कुठल्याच डब्याला हात लावायची नाही, वर्गात हात वर करायची नाही, पाहुण्यांसमोर यायची नाही. दुपारी मावशींकडे राहायची तेवढी राहायची. मावशींनी आमच्यावर दार बंद केलं नाही, पण पुढच्या वर्षी भुलाबाई मांडली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "डोये काम देत नाहीत आता." त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुलगा त्यांना मलकापूरला घेऊन गेला. टेम्पोत मशीन चढवली तेव्हा मुलगी बाहेर धावली. मी घरात वह्या तपासत बसले. त्या वह्या दुसऱ्या दिवशी तपासल्या असत्या तरी काही बिघडलं नसतं. मावशी दारापर्यंत आल्या होत्या, "येतो मॅडम" असं त्यांनी बाहेरूनच सांगितलं. मी खिडकीतून मान हलवली.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत तपासणीला साहेब आले. माझ्या पहिलीच्या वर्गात त्यांनी नेमकं सगळ्यात घाबरट मुलीला उभं केलं आणि नऊ अधिक आठ विचारलं. पोरीचा चेहरा पांढरा पडला. मी तिच्या मागेच उभी होते. काय झालं मला कळलं नाही, मी वही उचलायच्या निमित्तानं वाकले आणि तिच्या कानात म्हणाले, "सतरा." ती ओरडली, "सतरा!" साहेब शाबास म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून हात वर केला आणि ठणठणीत आवाजात साफ चुकीचं उत्तर दिलं. मी खुर्चीवर बसून राहिले. वर्गात गोंगाट झाला तरी उठवेना.

संध्याकाळी मी हे मुलीला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, मनातलं कुठेतरी मोकळं करायचं होतं. ती भाजी निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "तू सांगितलंस तिला?" मी हो म्हणाले. ती पुढची जुडी सोडायला लागली.

ह्या वर्षी भुलाबाईच्या दिवसांत मी शंकरपाळे केले आणि आम्ही दोघी एस.टी.नं मलकापूरला गेलो. डबा तिनं मांडीवर धरला होता. मी खिडकीशी बसून मनात वाक्यं जुळवत होते. मावशी, माझं चुकलं. तुम्हाला जे कळलं ते मला कळलं नाही. ही दोनच वाक्यं, पण प्रत्येक थांब्यावर मी ती नव्यानं म्हणून बघत होते.

मावशी पलंगावर बसल्या होत्या. फारच वाळल्या होत्या, कानानं कमी झाल्या होत्या. ओळख पटली तशी एकदम उठायला लागल्या. "मॅडम? अवं मॅडम आल्या!" सुनेला हाक मारून म्हणाल्या, "च्या मांड. मॅडमले साखर कमी लागते." इतक्या वर्षांनी त्यांच्या हे लक्षात होतं. मुलीच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "केवढी झाली व माय!"

मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मुलीनं डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. "मावशी, ओळखा." मग ती त्यांच्या कानाशी वाकली. मावशींना ऐकू यावं म्हणून तिला जरा मोठ्यानंच बोलावं लागलं, त्यामुळे मला दाराशी सगळं ऐकू आलं. "शंकरपाळे आहेत. पण एकदम नका सांगू. आधी डबा हलवा, मग वास घ्या, वर बघा, मग सांगा."

माझी पोरगी एक शब्दही विसरली नव्हती.

मावशी तोंडावर हात दाबून हसल्या. त्यांनी डबा हलवला, झाकणाला नाक लावलं, छताकडे बघितलं. खाली बघताना त्यांची नजर माझ्यावर गेली. हात डब्यावर तसाच राहिला.

"चिवडा हाये का?" त्या म्हणाल्या.

"नाही," मुलगी म्हणाली.

"मंग मुरमुरे."

"मावशी, मी सांगितलं ना तुम्हाला!"

"नाही व माय, मले नाही ओयखू येत." हे त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, अगदी वर्गात उभं केल्यासारख्या.

जुळवलेली दोन्ही वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून भलतंच निघालं, तेही ओरडल्यासारखं. "शंकरपाळे आहेत, मावशी! म्हणा ना. हिनं सांगितलंय तुम्हाला, मी ऐकलंय. म्हणा."

मावशींनी झाकण काढलं. आत बघितलं. "हाव, शंकरपाळेच हायेत," असं म्हणत त्यांनी मूठ भरली. मुलीनं ओंजळ पुढे केली होती. मावशींनी तिच्याकडे बघितलं, मग मूठ माझ्यापुढे धरली.

"तुम्ही ओयखलं मॅडम. पहिली मूठ तुमची."

मुलीनं आपली ओंजळ मागे घेतली. मी हात पुढे केला.