सलवातला शुक्रवार आणि बांचा फोन

कुवेतला कोण फिरायला जातं? ऑफिसात सगळ्यांनी हेच विचारलं. पण ताई तिथे बँकेत आहे आणि मला बोलावून बोलावून दमली होती, म्हणून डिसेंबरात निघालेच. तुम्हीही हिवाळ्यातच जा. उन्हाळ्यात तिथे बाहेर पाऊल टाकवत नाही. मुंबईहून विमानाने चारेक तास.

ताईचं घर कुवेत शहराजवळच्या सलवा भागात. पहिल्या दिवशी हवल्लीतल्या जुन्या दुकानांमधून भटकलो, गरमागरम फलाफल हाणलं. घासाघीस करायला हिंदी पुरते. दुसऱ्या दिवशी अहमदी: तेल कंपनीने वसवलेलं गाव, बैठी घरं आणि चक्क झाडं! बसही जाते, पण टॅक्सी ठरवा, वेळ वाचतो.

शुक्रवार सुट्टीचा, आणि बांचा. बा म्हणजे ताईच्या सासूबाई, मूळच्या कच्छमधल्या मांडवीच्या. आखातातल्या गुजरात्यांसाठी चालणारं एक चॅनल त्या दिवसभर लावून बसतात. शुक्रवारी त्यावर प्रेक्षकांचे थेट फोन घेतात. बांची बालमैत्रीण चंदन लग्न होऊन मस्कतला गेली, ती गेलीच; पुढे काही पत्ताच नाही. तिला टीव्हीवरून हाक मारायची म्हणून बा कित्येक शुक्रवार नंबर फिरवत होत्या. त्या दिवशी लागला!

"आवाज बंद करा टीव्हीचा!" ताई ओरडली.

"जय श्रीकृष्ण, बा, बोला," निवेदिका म्हणाली.

"जय श्रीकृष्ण, दीकरी! केम छो? जमी लीधुं?"

जेवलीस का, मग गाव कुठलं, आईवडील कुठे असतात, सगळी चौकशी. मी हातवारे करतेय, "बा, चंदन! चंदनचं नाव घ्या!" बांनी मला हातानेच गप्प केलं. समोरच्याची विचारपूस न करता आपलं काम कसं सांगायचं? पोरगी म्हणाली, सकाळपासून एक सँडविच खाल्लंय. झालं! बांनी तिला असं फैलावर घेतलं की वेळ संपली, फोन कटला आणि जाहिरात लागली.

बा फोन हातात धरून बसल्या. डोळे भरले होते.

"अहो बा, आधी नाव नाही का सांगायचं?" मी चिडलेच.

"अरे बेन, ए छोकरी भूखी हती."

पुण्याला परतताना मला त्यांचं फार वाईट वाटत होतं. आणलेले खजूर संपत आले तेव्हा ताईचा फोन आला. चंदनबेननी मस्कतहून चॅनलला फोन केला होता! चॅनलवाल्यांनी बांना विचारून नंबर दिला.

"अगं, पण नाव कुठे सांगितलं होतं बांनी?"

"चंदनबेन म्हणाल्या, अनोळखी पोरीलाही जेवणावरून असं झापणारी आमच्या मांडवीत एकच होती."

कुवेतमधलं काय लक्षात राहिलं विचाराल तर हेच. आता दोघी रोज फोनवर असतात. ताई म्हणते, हल्ली शुक्रवारीसुद्धा आमचा टीव्ही बंदच असतो.