हडळीचं रक्त आणि हुंकार

नातीच्या नाटकवाल्यांनी परदेशातल्या भुतांच्या सणाला गोष्टी सांगायचा कार्यक्रम ठेवला. दारातच एका पोरीनं लाल पेला हातात दिला. "आजोबा, हडळीचं रक्त!" प्यायलो तर कोकमाचं सरबत. म्हटलं, "बाई, तुमच्या हडळीला मीठ कमी पडलंय."

मग नात उभी राहिली आणि मीच तिला लहानपणी सांगितलेली विहिरीवरच्या मुंज्याची गोष्ट सांगू लागली. मी सवयीनं "हं" म्हटलं. शेजारचा खेकसला, "गप बसा हो!" मी चौथीपर्यंतच शिकलोय, पण गोष्ट ऐकायची रीत मला कुणी शिकवू नये. आमच्याकडे हुंकार आला नाही तर समोरचा झोपला असं समजून सांगणारा थांबतो. इथं एवढी माणसं डोळे उघडून बसलेली, आणि हुंकार एकाचाही नाही. ही ऐकतात की नुसती बघतात?

मीही हट्टानं गप्प बसलो. मुंजा विहिरीच्या काठावर आला आणि नात थांबली. थांबलीच. आता पोरीची फजिती होणार! मी मोठ्यानं म्हटलं, "हं!" गोष्ट पुढं चालू लागली.

ती विसरली होती, की माझी वाट बघत होती? घरी आल्यावर विचारलं, तर हसून म्हणाली, "हं."