धवलारीण धबधब्याला जाते

आमच्या खारेपाटात लग्न म्हटलं की भटजीच्या आधी धवलारीण लागते. हळद दळायची असो, मांडव घालायचा असो, नवरीला न्हाऊ घालायचं असो, तिनं मधोमध बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायचे आणि बाकीच्या बायांनी मागून ओढायचे. ती आली नाही तर पुढचं पान हलत नाही. भटजी काय, अलिबागहून दुसरा मिळतो.

आमच्या गावची धवलारीण कमळबाय घरत. वय साठीला टेकलंय, पण आवाज असा, की माझी गिरणी चालू असताना तिनं रस्त्यावरून हाक मारली तरी मला ऐकू येते. मी मोरू गिरणीवाला. पट्टा फिरत असला की माझी बायको कानाशी येऊन ओरडली तरी मला कळत नाही, असं तिचं म्हणणं आहे. ते सगळंच खरं नाही.

कमळबायचा नवरा धरमतरच्या खाडीत बार्जवर कामाला होता. लग्नानंतर चार-पाच वर्षांतच तापानं गेला. मूलबाळ नाही. सासूनं तिला घराबाहेर काढलं नाही, उलट आपले धवले शिकवले, कारण धवले येणाऱ्या बाईला गावात कोणी टाळू शकत नाही हे त्या म्हातारीला पक्कं ठाऊक होतं. पण आमच्या लोकांचा न्याय बघा. धवले म्हणायला कमळबाय पाहिजे, आणि नवरीला हळद लावायची वेळ आली की तिनं गुमान पाट मागं सरकवायचा. ओटी भरायची तर सामान तिचं चालतं, हात दुसरीचा लागतो. हा कुठला कायदा, असं मी गिरणीत एकदा बायांना विचारलं होतं. एकीनं पीठ जाड आलंय म्हणून माझ्याशीच भांडण काढलं आणि विषय संपला.

आषाढ लागला की लग्नं बंद. ती थेट तुळशीचं लग्न झाल्यावर. मधले महिने कमळबायचं नाव कोणाच्या तोंडी येत नाही. त्यात कोणी वाईट वागतं असंही नाही. भात लावायचं असतं, गणपती यायचे असतात, ज्याचा तो आपल्या घरात असतो.

गेल्या श्रावणात एका शनिवारी सकाळी ती नवी हिरवी साडी नेसून, हातात पिशवी घेऊन गिरणीवरून गेली.

"कुठं स्वारी?" मी विचारलं.

"भावाकं. अलिबागला. त्याच्या नातवाचं बारसं हाय."

मला सांगितलं, समोरच्या दुकानात सांगितलं, स्टॉपवर उभ्या असलेल्या मास्तरांनाही सांगितलं. पिशवीत बाळाचं झबलं-टोपरं होतं, आणि सुनेच्या ओटीसाठी खण, नारळ, तांदूळ. तिचा धाकटा भाऊ अंबाजी कारखान्यातून रिटायर होऊन अलिबागला फ्लॅटमध्ये राहतो. त्यानं महिनाभर आधी तोंडी सांगितलं होतं, अमक्या शनिवारी बारसं. तेवढंच धरून ती बसली होती.

अलिबागच्या एसटी स्टँडवर उतरून तिनं फोन लावला, हॉल कुठं ते विचारायला. फोन भावाच्या सुनेनं, मृणालीनं घेतला.

"अहो आत्या, बारसं गेल्याच रविवारी झालं! हॉल त्या दिवशी मिळाला ना. ग्रुपवर टाकलं होतं सगळ्यांना."

कमळबायचा फोन बटणांचा. ती कुठल्या ग्रुपवर असणार?

"बरं बरं," ती म्हणाली. "बाल कसा हाय?"

"मस्त आहे. या ना तुम्ही घरी. म्हणजे आत्ता नको, आत्ता आम्ही सगळे हरिहरेश्वरला निघालोय. पुढच्या आठवड्यात या."

ही सगळी हकिगत मला नंतर तिच्याच तोंडून कळली. सांगताना तिला भावाचा राग नव्हता. मला होता, अजून आहे. कार्यात ओळखीच्या चार घरांना तारीख बदलल्याचं सांगायला माणूस मिळतो आणि सख्ख्या बहिणीला एक फोन जात नाही, याला विसरणं म्हणत नाहीत.

आता घरी जायचं तर कसं? अख्ख्या गावाला सांगून निघालेली बाई तासाभरात परत आली, तर प्रत्येक ओटीवरून "एवढ्यात आलीस?" होणार. ती स्टँडवरच्या बाकावर बसून राहिली. समोर रोह्याकडे जाणारी गाडी लागली. त्यात कॉलेजच्या मुलामुलींचा एक घोळका धबधबा, धबधबा असा कालवा करत चढला. कमळबायनं आयुष्यात खाडी पाहिली, समुद्र पाहिला, खारं पाणी शेतात शिरून झालेला सत्यानाशही पाहिला, पण धबधबा कधी बघितला नव्हता. ती उठली आणि त्या पोरांच्या मागून गाडीत चढली. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं तर पोरांकडे बोट करून म्हणाली, "यांच्याबरोबर." पोरांना याचा पत्ताही नव्हता.

डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तिथून शेताच्या बांधानं आत गेलं की धबधबा. पोरं फोटो काढून, भिजून, भजी खाऊन दुपारच्या गाडीनं परत गेली. कमळबाय राहिली. लांबच्या एका दगडावर बसून बघत राहिली. तिनं मला सांगितलं, "मोरू, पाणी पडतंय पडतंय, सरतच न्हाय. कुणी बघो नायतर न बघो." गर्दी पांगल्यावर तिला वाटलं, आता जरा जवळ जावं.

आता आमच्याकडच्या बायांची एक रीत आहे. खाडीत चिंबोऱ्या धरायला, निवट्या काढायला उतरायचं तर आधी अंगावरचं सोनं काढायचं, फडक्यात बांधून काठावर ठेवायचं, कारण चिखलात पडलेला दागिना पुन्हा हाती लागत नाही. चपला शेजारी नीट जोडून ठेवायच्या. पाण्याला हात जोडायचे, मग पाय टाकायचा. कमळबायनं लहानपणापासून हेच केलेलं. तिनं गळ्यातली माळ आणि हातातल्या पाटल्या काढल्या, फोनसकट रुमालात गाठ मारली, चपला जोडल्या, आणि सगळं दगडावर ठेवून गुडघाभर पाण्यात उतरली.

पिशवीतले खण, नारळ, तांदूळ तिच्या ओंजळीत होते. परत नेऊन करायचं काय त्याचं? तिनं धबधब्याची ओटी भरली. स्वतःच्या हातानं. पस्तीस वर्षांनी. आजूबाजूला "तू नको, हिला भरू दे" म्हणणारं कोणी नव्हतं. आणि मग, ओटी भरली म्हणजे धवला आलाच, म्हणून तिनं म्हणायला सुरुवात केली. ज्येष्ठानंतर गळा वापरलाच नव्हता. पाण्याच्या आवाजात स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून आणखी वर चढवला. दर ओळीनंतर सवयीनं थांबत होती, मागच्या बायांनी ओढावं म्हणून. मागं कोणी नव्हतं. तेवढ्यात तिला रडू फुटलं आणि ती गाता गाताच पुढं सरकली.

काठावर भजीची टपरी चालवणाऱ्या रंगूबायनं हे सगळं बघितलं. एकटी बाई, नवी साडी, जोडून ठेवलेल्या चपला, दागिने काढून ठेवलेले, पाण्याची पूजा केलेली, आणि आता रडत गात पाण्याच्या दिशेनं चाललीय. रंगूबायनं झारा टाकला आणि बोंब ठोकली. वाडीतली माणसं धावली, दोघांनी कमळबायला धरून बाहेर काढलं. ओढाओढीत तिचा ब्लाउज दंडावर फाटला.

"सोडा मना! मी बघाया आलेय!" ती ओरडत होती.

"सगळीच बघाया येतात," रंगूबाय म्हणाली. "मागल्या पावसात एक अशीच बघाया आलेली. आता न्हाय सोडायची मी तुला."

तिनं कमळबायचं मनगट धरलं ते रात्री जेवायला ताट वाढेपर्यंत सोडलं नाही. शेवटची गाडी गेली होती. कमळबाय त्यांच्याच घरी राहिली. रंगूबायनं तिला आपलं लुगडं नेसायला दिलं, गरम भात आणि सुकटीचं कालवण वाढलं आणि आपल्या बाजूला झोपवलं. सकाळी तिथल्या गावचे पोलीस पाटील सदूभाऊ आले. माणूस भला, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, घरचं कोणीतरी येऊन घेऊन जाईपर्यंत बाई इथून हलणार नाही. फोन लावा कोणाला तरी.

रंगूबायच्या सुनेनं कमळबायचा फोन उघडला. त्यात नावं होती: लग्न पोयनाड, हळद शहाबाज, मांडव पेझारी, हळद पोयनाड नवीन. ज्यानं त्यानं आपापल्या कार्यापुरता नंबर घालून दिला होता. माणसाचं म्हणावं असं एकच नाव निघालं, अंबाजी भाऊ. त्याला फोन लावला. अंबाजी म्हणाला, आम्ही हरिहरेश्वरला आहोत, उद्या येऊ. तिला काही झालेलं नाही, एसटीत बसवून द्या.

सदूभाऊंनी विचारलं, "आणखी कोण?"

कमळबायनं माझा नंबर सांगितला, तोंडपाठ. 'गिरणी बंद असल्यास फोन करावा' म्हणून मी तो भिंतीवर लाल रंगात मोठा लिहून ठेवलाय, आणि दळण होईपर्यंत तिच्यासमोर वाचायला दुसरं काही नसतं.

मी तेव्हा टेम्पो धूत होतो.

"कमळ घरत तुमच्या कोण?" पलीकडून प्रश्न आला.

"आमच्या गावच्या आहेत. का हो?"

"तुम्ही त्यांचे कोण?"

"मी? मी गिरणीवाला."

मग सदूभाऊ बाजूला तोंड करून म्हणाले ते मला ऐकू आलं, "अहो, हा गिरणीवाला म्हणतोय. घरचं कोण न्हाय का?" आणि कमळबायचा आवाज आला, जो मला पट्ट्याच्या घरघरीतही ऐकू येतो.

"त्योच हाय."

मी टेम्पो तसाच अर्धा धुतलेला काढला.

वाडीत पोचल्यावर रंगूबायनं माझी अशी हजेरी घेतली की विचारू नका. बाईमाणसाला एकटं सोडता, लाज वाटत न्हाय? मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी नात्यानं कोणीच नाही हे सांगायला तोंड उघडलं होतं, पण कमळबाय समोर बसली होती, मग मिटलं. निघताना रंगूबायनं तिला ओंजळभर फुलं दिली आणि पुन्हा ये म्हणाली, पण एकटी नको.

परतीच्या वाटेवर कमळबाय खिडकीबाहेर बघत बसली होती. बारशाचं, स्टँडचं, ओटीचं, सगळं थोडं थोडं सांगत होती. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. शेवटी विचारलंच.

"कमळबाय, राग मानू नकोस. तू खरंच नुसतं बघायला गेली होतीस ना?"

"व्हय रे," ती म्हणाली. थोडा रस्ता गेला. "गेली तवा बघायाच गेली. पण रात्री ती बाई माझा हात धरून झोपली, तवा मना झोप न्हाय आली. मी इचार करत व्हते. खरंच गेली असते पाण्यात, तर आपल्या गावात कळलं कवा असतं? समद्यांना वाटतंय मी भावाकं हाय. भावाला वाटतंय मी घरी हाय."

मी गाडी चालवत राहिलो. काहीतरी बरं बोलायला हवं होतं. असं काय बोलतेस, सगळं गाव आहे की तुझं, असं काहीतरी. पण ते खोटं झालं असतं आणि तिला ते लगेच कळलं असतं. म्हणून मी खरं ते सांगितलं.

"तुझं दळण मंगळवारी असतं. मंगळवारी तू आली नसतीस तर मला कळलं असतं."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं.

"मंगलवारी," ती म्हणाली. मग मान हलवली. "बरं हाय."

तिला दारात सोडलं. शेजारीण ओटीवरून म्हणाली, "झालं का गो बारसं?" कमळबाय म्हणाली, "झालं. झ्याक झालं."

मंगळवारी ती आली, पण डबा नव्हता, लहानशी पिशवी होती. त्यात मूठ-दोन मुठी तांदूळ. मी दळून दिलं. बुधवारी पुन्हा तेवढेच. गुरुवारी पुन्हा. गणपती गेले, दिवाळी आली, तुळशीचं लग्न झालं, हळदींना तिला बोलावणी सुरू झाली, तरी लग्नाच्या दिवशीसुद्धा मांडवात जायच्या आधी ती गिरणीत येते. एवढंसं दळण घ्यायला कुठल्याच गिरणीवाल्याला परवडत नाही. निम्मं पीठ दगडांतच अडकून राहतं. तिला हे माहीत नाही असं नाही, तिचं सगळं आयुष्य माझ्या दाराशी उभं राहण्यात गेलंय. माझी बायको म्हणते, तिला सांगा की आठवड्याचं एकदम आणत जा.

मी मोटार चालू करतो.