घडीमोडवाली सुरेखा

सुरेखा गेल्याची बातमी मला साडीच्या फोटोनं दिली. तिच्या साडीविक्रीच्या, ‘घडीमोड’च्या जुन्या ग्रुपवर वर्षभर शुकशुकाट होता, आणि त्या मंगळवारी सकाळी अचानक तिचा फोटो आला. हळदी रंगाची इरकल, एक हात कमरेवर, मागे कडावचं त्यांचं अंगण. खाली एक अक्षर नाही. मी नेरळला माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. म्हटलं, चला, बया पुन्हा उभी राहिली, आणि मला सांगितलंसुद्धा नाही... भेटू दे, चांगली झापते. तोवर खाली गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. एकीनं विचारलं, ब्लाउजपीस आहे का? दुसरीनं विचारलं, उन्हात रंग असाच दिसतो का? तिसरीनं सरळ लिहिलं, ‘माझी. बुक.’ मग बऱ्याच वेळानं सुरेखाच्याच नंबरवरून दोन ओळी आल्या. ‘मी तिचा मिस्टर. सुरेखा आज सकाळी वारली. फोटो हाच चांगला होता.’

मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तव्यावरची पोळी जळून घरभर धूर झाला तरी वाचतच होते. चहाचं आधण ठेवताना तिच्या छातीत कळ आली आणि कर्जतच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेहेचाळीस वर्षांची बाई, साधं डोकंसुद्धा कधी दुखलं नाही तिचं! महिना उलटला, तरी मला डोळ्यांपुढे ते ‘बुक’ दिसतं. त्या बाईला तरी काय बोलणार? सुरेखा फोटोत उभी राहिली म्हणजे साडी विकायची आहे, ही सवय सुरेखानंच लावली होती सगळ्यांना.

आम्ही दोघी कडावच्या शाळेत एका बाकावर बसायचो. लग्न होऊन ती गावातच राहिली, मी नेरळला आले. धाकट्या दिराचं लग्न झाल्यावर तिनं कपाट उघडलं, तर आहेराच्या साड्या अंगावर कोसळल्या. आपल्याकडची तऱ्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आलेली साडी आवडली नाही की आपण ती पुढच्या लग्नात देतो, ती घेणारी तिसरीकडे देते. ‘शैले, ह्या साड्या निसत्या पाव्हण्यासारख्या फिरतात गं,’ ती मला म्हणाली, ‘नेसत कोनीच नाय.’ तिथून तिच्या डोक्यात हे खूळ शिरलं. नव्या साडीची घडी मोडायला आपण ती पहिल्यांदा जिवाभावाच्या बाईला नेसायला देतो, म्हणून नाव ठेवलं ‘घडीमोड’. विकायची प्रत्येक साडी ती आधी स्वतः नेसायची, अंगणात उभी राहायची, आणि तिचे मिस्टर, दिलीपभाऊजी, वैतागत वैतागत फोटो काढायचे. सावळी, थोडी स्थूल, केसांना चपचपीत तेल. पण तिच्या अंगावर साडी कशी बसते ते बघून नागपूरपासून कोल्हापूरपर्यंतच्या बायका डोळे मिटून साड्या विकत घ्यायच्या, कारण त्या स्वतः तशाच दिसायच्या. आमच्या साडीची घडी सुरेखाताईंनी मोडली, असं कौतुकानं कळवायच्या.

बघता बघता पसारा वाढला. कडाव, चौक, लोधिवली, सगळीकडून बायका पिशव्या भरभरून साड्या आणायला लागल्या. भाताच्या कणग्यांची मागली खोली रिकामी करून तिथं मांडण्या ठोकल्या, इस्त्रीला दोन मुली ठेवल्या, पार्सलं न्यायला दारात टेंपो यायला लागला. मी रविवारी जाऊन पार्सलं बांधायची. सुरेखाचा एक नियम मात्र कडक होता. इथली साडी इथल्या बाईच्या नजरेला पडता कामा नये. कुणाचा आहेर कुणी विकायला आणलाय हे ती पोटात ठेवायची आणि साडी लांबच्या ग्रुपवर टाकायची. मी कितीदा खोदून विचारलं असेल, पण पठ्ठीनं तोंड उघडलं नाही.

आणि मग ॲप आलं. पनवेलची दोन हुशार मुलं बनवायला तयार झाली, सुरेखा हरखून गेली. साड्या कशा क्रमानं दाखवायच्या असं त्यांनी विचारलं, तर ही म्हणाली, माझ्या गावच्या बायकांनी हे उभं केलंय, तेव्हा ज्या गावातली बाई ॲप उघडेल तिला तिच्या जवळपासच्या साड्या आधी दिसू देत. अभिमानानं म्हणाली हो! त्या आनंदात स्वतःचा नियम पार विसरली. पेढे वाटून ॲप सुरू झालं, आणि थोड्याच दिवसांत तिची थोरली जाऊ, कुसुमवहिनी, मोबाईल हातात घेऊन तणतणत आली. कुसुमवहिनींच्या लेकीचं लग्न लोधिवलीला झालेलं. विहीणबाईंच्या मानाची आमसुली पैठणी त्यांनी दुकानदाराला पूर्ण कपाट उपसायला लावून निवडली होती. ती पैठणी आता सुरेखाच्या अंगावर, आणि खाली विकणारीचं गाव, लोधिवली. कुसुमवहिनींनी तिथल्या तिथं विहीणबाईंना फोन लावला. जे व्हायचं ते झालं... लेक माहेरी येऊन बसली.

एकीचं बघून दुसरीनं आपण दिलेला आहेर ॲपवर शोधला, दुसरीचं बघून तिसरीनं. कुणाच्या नणंदेनं, कुणाच्या मामीनं, घरोघरी भांडणं. बायका पिशव्या परत न्यायला आल्या त्या मान खाली घालून. आपणच विकायला दिलं होतं हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही, राग सगळा सुरेखावर. तिनं ॲप बंद केलं, मांडण्या तशाच राहिल्या. कुसुमवहिनींची लेक पुढे नांदायला गेली, सगळं सुरळीत झालं, पण त्यांनी सुरेखाशी धरलेला अबोला सोडला नाही, आणि थोरल्या जावेनं तोंड फिरवल्यावर आळीनंही फिरवलं. संक्रांतीच्या संध्याकाळी मला सुरेखाचा फोन आला. काळी चंद्रकळा नेसून ती दुपारपासून बसून होती. ‘धंदा बुडाला त्याचं काय वाटत नाय गं,’ ती म्हणाली, ‘पन हळदीकुंकवाला एका घरातून बोलावणं आलं नाय. एका बी नाय.’ ती रडत नव्हती. मला तिचं ते न रडणंच सहन होईना. तेव्हापासून तिला एकच ध्यास होता, कुणीतरी घरी बोलवावं. रस्त्यात कुणी भेटलं की आपण होऊन हसायची.

त्या दिवशी मी कडावला पोचले, तर तिला त्याच मागल्या खोलीत निजवलं होतं. सवाष्ण गेलेली, म्हणून हिरवी साडी, हातभर चुडा, आणि ओटी भरायला आळीतल्या बायकांची रांग. रांग! माझं डोकंच फिरलं. संक्रांतीला जिला कुणी उंबऱ्यात घेतलं नाही, तिच्या कपाळाला त्या एकेक जणी वाकून हळदीकुंकू लावत होत्या. आत्ता सुचलं होय तुम्हाला, असं ओरडायचं होतं मला. मी भिंतीला धरून नुसती बघत राहिले.

शेवटी कुसुमवहिनी आल्या. हळद लावली, कुंकू लावलं, ओटीत तांदूळ आणि नारळ घातला. एवढ्या वर्षांच्या सवयीचे हात, कुठं चुकले नाहीत. उठता उठता, सणाला आलेल्या बाईला सांगावं तशा त्या म्हणाल्या, ‘येत जा गं सुरेखे आमच्याकडं.’

आपण काय बोललो ते त्यांना क्षणभरानं कळलं असावं, कारण त्या अर्धवट उठलेल्या तशाच सुरेखाचा हात धरून खाली बसल्या, आणि तिला न्यायची वेळ झाली तरी दिलीपभाऊजींना वहिनींचा हात सुरेखाच्या हातातून सोडवता येईना.