बंदुकीला रानाचा रंग

बोलता बोलता तो मागे मागे सरकायचा. मी रंगाचा डबा उघडून दिला की काडीने थोडा रंग फळकुटावर ओढायचा, फळकूट गल्ल्याला टेकवून उभे करायचा आणि चार पावले मागे जाऊन डोळे अर्धे मिटायचा. "लांबसून बघूक व्हया," एवढेच म्हणायचा. मालवणच्या बाजारातले माझे रंगांचे दुकान अगदीच चिंचोळे. मागे सरकता सरकता तो रस्त्यावर उतरायचा आणि मासे घेऊन जाणाऱ्या बायकांच्या पाट्यांना धडकून शिव्या खायचा. शिव्यांकडे त्याचे लक्ष नसे. त्याचे सगळे लक्ष त्या हिरव्या पट्ट्याकडे.

तो बंदुका रंगवायचा. तुम्ही बोटी रंगवणारे पाहिले असतील, गणपती रंगवणारे तर पाहिलेच असतील, पण बंदुका रंगवणारा माणूस मी त्याच्याआधी पाहिला नव्हता आणि त्याच्यानंतरही नाही. त्या काळी आमच्याकडे गावोगाव शेतीच्या रक्षणासाठी परवान्याच्या बंदुका असत. भाताला डुकरांचा त्रास, माडाला आणि काजूला वांदरांचा. त्यातले वांदर फार बेरकी. माणूस काठी घेऊन गेला तर ते निवांत बसून राहत, बंदूक घेऊन गेला की नळीवरची चमक पाहूनच पसार होत.

ती चमक मारण्याची विद्या तो ब्रह्मदेशातून घेऊन आला होता. लढाईत तो फौजेत होता. रानात दिसू नयेत म्हणून तोफा आणि लॉऱ्या रंगवायच्या, हे त्याचे काम. तो परतला तेव्हा घरात कोणी नव्हते. बायको तापाने गेली होती आणि ती बातमी त्याला बऱ्याच महिन्यांनी तिकडे कळली होती. हे त्याने मला एकदाच सांगितले. सांगितले आणि त्याच दमात विचारले, हा हिरवा जरा पिवळ्यावर जातो का.

कोणी बंदूक घेऊन आला की तो तिच्याकडे बघायचासुद्धा नाही. "बंदूक मागीर. तू बसतंस खंय, तां आधी दाखय," म्हणायचा. मग त्या माणसाबरोबर त्याच्या बागेत जायचा, तो बसतो तिथे बसायचा, कुठल्या महिन्यात बसतो ते विचारायचा आणि रुमालात पाने, सालीचे तुकडे, चिमूटभर तांबडी माती बांधून माझ्याकडे यायचा. तेलाचा रंग चकाकतो म्हणून तो त्यात राख घालायचा. जुन्या जाळ्याचा तुकडा दस्त्यावर ताणून त्यावरून नारळाच्या सोडणाच्या बोळ्याने रंग टिपायचा. जाळे उचलले की लाकडावर पानांच्या जाळीतून ऊन पडावे तशी नक्षी उरायची. कोरलेला नंबर मात्र तो कधी झाकायचा नाही, कारण पोलीस तपासायला येत.

एका बागायतदाराने अशी रंगवलेली बंदूक काजूच्या बुंध्याला टेकवून ठेवली आणि ती त्याला सापडेना. चोरी झाली म्हणून त्याने वाडी गोळा केली. शेवटी त्याची बायकोच पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करताना बंदुकीला अडखळून पडली. मी ही हकीकत त्याला सांगितली तेव्हा तो हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्याला तसे हसताना मी पुन्हा पाहिले नाही.

त्याला मित्र एकच. त्याच्या घरापुढून एक व्हाळ वाहायचा, त्या ओढ्यापलीकडे एका शेतकऱ्याचे घर होते. सकाळी हा शेतकरी व्हाळ ओलांडून पेजेचा टोप घेऊन यायचा. दोघे पायरीवर बसून पेज जेवत आणि फारसे बोलत नसत. गावात पहिली बंदूक रंगवून घेतली ती ह्याच शेतकऱ्याने आणि मग ती घेऊन तो नातेवाइकांकडे मिरवून आला. बंदूक झाकली आणि माणूस उघडा राहिला, हे काही बरे नाही, म्हणून पुढे आमच्या रंगाऱ्याने त्याला पावसात डोक्यावरून घेतात तशी गोणपाटाची खोळही रंगवून दिली. तिचा रंग जमेपर्यंत माझ्या दुकानात त्याच्या कितीतरी खेपा झाल्या. करवंदीच्या जाळीचा रंग होता तो.

एका हिवाळ्यात गावाने डुकरे उठवायला रानात हाकारा घातला. रंगारी स्वतः शिकारीला कधीच जात नसे, त्या दिवशीही घरीच होता. शेतकऱ्याला एक जागा ठरवून दिली होती, पण डुकराची वाट पलीकडून आहे असे वाटून तो कोणाला न सांगता पुढे सरकला आणि तीच रंगवलेली खोळ पांघरून करवंदीच्या जाळीला लागून बसला. जाळी हलली. समोरच्याने डुक्कर समजून बार काढला. शेतकऱ्याला बैलगाडीत घालून मालवणला आणत होते, पण तो वाटेतच गेला.

पंचनामा झाला, अपघात ठरला. कोणी कोणाला दोष दिला नाही. बार काढणारा माणूस गावचाच, भला माणूस. तो मृताच्या अंगणात बसून येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होता, "थंय कोण आसा ह्यां माका दिसलांच नाय." ऐकणारे त्याच्या पाठीवरून हात फिरवत. रंगारी तिथेच खांबाला टेकून उभा होता.

काही दिवसांनी तो दुकानात आला.

"शेटानू, तांबडो दिया."

"कसलो?" मी विचारले.

"लांबसून दिसात असो."

तो डबा घेऊन तो घरोघर फिरला. मला बंदूक द्या, मी खरवडून देतो, नळीवर तांबडा पट्टा ओढून देतो, असे सांगत. दोघातिघांनी दिल्या. बाकीचे म्हणाले, मग वांदर लांबूनच पसार होतील आणि पाठ वळली की परत येतील, त्याचे काय. त्यांनी त्याला बसवून चहा पाजला, तुझा ह्यात काय दोष, म्हणून समजावले. त्याला समजूत नको होती, बंदुका हव्या होत्या.

मित्राची बंदूक पोलिसांत जमा करायची होती. त्याआधी तो मित्राच्या दारात गेला. मित्राच्या बायकोने बंदूक आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने खरवडायला सुरी काढली तेव्हा ती म्हणाली, "भावजी, तेंनी तुमचां काम पाच गावांत दाखवल्यानी. तां पुसू नकात."

हे त्यानेच मला सांगितले. सुरी परत खिशात ठेवायला त्याला बराच वेळ लागला म्हणे. बंदूक तशीच जमा झाली.

त्यानंतर त्याने बंदुकीला हात लावला नाही. दोन-तीन हंगाम किनाऱ्यावर बोटी रंगवल्या. बोलणे आधीच कमी, ते आता रंगाच्या नावापुरते उरले. मी चहा मागवला तर उभ्यानेच प्यायचा. मग एका वर्षी पावसाळा सरला, बोटी पाण्यात गेल्या, तरी तो आला नाही. उद्या येईल, परवा येईल, असे करत मी दिवाळी जाऊ दिली आणि मग एस्टीने त्याच्या गावी गेलो.

घराचे दार उघडे होते. आत मित्राची बायको मडके घेऊन भिंतीला चुना लावत होती. मला ओळखून ती उठली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "पावसात गेले. तुमका सांगतलो कोण?" ताप होता. शेवटचे आठ-दहा दिवस तिने व्हाळाला पूर असतानाही पेज आणून दिली होती. क्रियाकर्म तिच्या घरच्यांनीच केले. घर आता तिच्याच हवाली होते.

बहुतेक घर पांढरे झाले होते. पण दाराजवळच्या भिंतीचा, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवरचा एक तुकडा तसाच होता. तिथे तो ब्रश पुसत असावा, रंग ताडून बघत असावा. हिरव्यावर हिरवा, तपकिरी, राखाडी, मातकट, कितीतरी वर्षांचे फटकारे एकावर एक. चुना चारी बाजूंनी त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता.

माझी नजर तिकडे गेलेली तिने पाहिली.

"थंय माझो हात फिरूक नाय," ती म्हणाली आणि पुन्हा मडक्यात कुंचला बुडवून दुसऱ्या भिंतीकडे वळली.