आमच्या नायकानं माफी मागितली

भिंगारला आमच्या अंगणात एका दुपारी एक कादंबरी मधेच बंद पडली... आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होते. महायुद्धाचे दिवस होते, मी तेरा वर्षांची. आता नव्वदी ओलांडलीय, तेव्हा कबूल करायला हरकत नाही.

वडील लष्करी कचेरीत कारकून आणि घरात राज्य आत्याचं. दुपारी शेजारच्या बायका रेशनची ज्वारी निवडायला आमच्याकडे जमायच्या आणि मी वाचनालयातली कादंबरी मोठ्यानं वाचायची. आत्याला पोथीचं ठसठशीत अक्षर वाचता यायचं, कादंबरीचं बारीक अक्षर दिसायचं नाही.

तिची अट एकच... पुस्तकात काही वावगं निघालं तर पुस्तक परत, आणि माझं वाचनालय कायमचं बंद. आता आली का पंचाईत. आमचा नायक रुबाबदार होता, दिलदार होता आणि दर चार पानांनी काहीतरी वावगं करत होता.

मग मी वाचता वाचताच त्याला सुधारायला घेतलं. तो विलायती दारू प्यायला बसला की मी ताक म्हणायची, सिगारेट काढली की सुपारी. एकदा घाईत ‘त्यानं सुपारी शिलगावली’ असं वाचून गेले. आत्यानं सुपातून मान वर केली, तशी मी खोकल्याचं सोंग करून त्याला ती कातरायला लावली.

खरी अडचण होती ती एका नाचणारणीची. नायक आठवड्यातून तीनदा तिच्याकडे जायचा, म्हणून मी त्याला मामाकडे पाठवायला लागले. आत्या भलतीच खूश, मुलगा नात्याला धरून आहे म्हणाली. ताक पिऊन तो मामाच्या जिन्यावरून गडगडत खाली आला, तेव्हा मात्र सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या... ताक आंबलेलं असेल, एवढंच मी म्हटलं.

असे तीन आठवडे सुरळीत गेले. मग एका पानावर नायकाची बायको रडत रडत विचारते, तुम्ही त्या घरी का जाता... आणि तो तिच्या थोबाडीत मारतो. हे मात्र मी एक अक्षर न बदलता, खणखणीत आवाजात वाचलं. यात लपवण्यासारखं काही असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

अंगणातही कुणाला काही खटकलं नाही. “मामाकडे जातो म्हणून एवढा आकांत? बरी अद्दल घडली,” आत्या म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

शेजारच्या घरातली सून यमुनावहिनी तेवढी खाली मान घालून ज्वारी निवडत राहिली. ती राहात्याकडची, सासरी तिला मार बसायचा. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि कुणीही काही विचारायचं नाही.

ज्वारीतला खडा बाजूला टाकत ती म्हणाली, “नवरा मामाकडं गेला म्हनून कुनी असं रडत न्हाई.” मग विचारलं, “फुडं काय केलं त्यानं?”

पुढं त्यानं काहीच केलं नव्हतं. पुढच्याच ओळीत स्वारी घोड्यावर बसून शिकारीला गेली होती. त्याला धुतल्या तांदळासारखा करण्याच्या नादात मी त्या बिचारीला कांगावखोर ठरवलं होतं. बाकीचं उद्या वाचते म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक समोर धरून मी पुस्तकात नसलेलं वाचलं. नायक शिकारीवरून परत आला, बायकोसमोर बसला आणि म्हणाला, तू बोललीस ते खरं होतं, तुझ्यावर हात उचलला हे माझं चुकलं.

सगळ्यांची सुपं थांबली. आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. “नवऱ्यानं बायकोची माफी मागायची? असली भिकार पुस्तकं या घरात नकोत.”

झालं. दारू, सिगारेट आणि नाचणारीण मी जिवाचा आटापिटा करून लपवली होती, त्यातल्या कशानंच काही बिघडलं नाही. मीच घुसवलेल्या एका माफीनं पुस्तक गेलं, वाचनालयही गेलं. मी चार दिवस रडून काढले.

पाचव्या दिवशी नळावर यमुनावहिनी भेटली. “मला वाचाय शिकव,” म्हणाली. “ते माफीचं पान मला सोताला वाचायचं हाय.”

तसलं पान नाहीच, हे सांगायला माझी जीभ रेटेना. शिकवायला लागले, म्हटलं दोन महिन्यांत कंटाळेल. कसली कंटाळतेय... वर्षभरात घडाघडा वाचायला लागली. शेवटी मैत्रिणीच्या नावावर ते पुस्तक काढून तिला दिलं आणि दोन दिवस तिच्या दारावरून जायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी तीच आली, पुस्तक घेऊन. आता ही मला फाडून खाणार, असं वाटलं. तिनं ते पान उघडलं. थोबाडीत मारल्याची ओळ आणि घोड्यावर बसल्याची ओळ, या दोन्हींच्या मधे बोट टेकवलं. “हितं पायजे हुतं,” एवढंच म्हणाली.

पुढं मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. नायकाचं स्वभावचित्र रेखाटा, असे प्रश्न कितीदा काढले असतील... पण नायक कुठं कमी पडतो, ते इतकं नेमकं मला कुणी दाखवलं नाही. वहिनी जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तेव्हा तिला सांगायचं राहून गेलं, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. वहिनी, ती ओळ मी खणखणीत आवाजात वाचली... माझं चुकलं.